आठवड्याचा सातबारा

गेल्या शनिवारी बाबांचं गोदरेजचं कपाट आवरायला घेतलं. घेतलं म्हणजे काय, आईने घ्यायला लावलं. वरच्या कप्प्यात विम्याच्या पावत्या, १९८८ सालचं रेशनकार्ड, कधीच बंद झालेल्या खात्याचं पासबुक असा सगळा ऐवज होता. त्याच्याखाली मरून रंगाची एक जाडजूड फाईल. वर सोनेरी अक्षरं, आत गुळगुळीत कागद, पहिल्याच पानावर डोंगर, धुकं आणि हसरं चौकोनी कुटुंब. १९९६ साली बाबांनी साठ हजार रुपये भरून महाबळेश्वरला घेतलेला 'आपला आठवडा'.

"हे तेवढं तुझ्या नावावर करून टाकू या," बाबा म्हणाले. "आता आमच्याच्याने होत नाही. मालक म्हणून तुझं नाव लागलेलं बरं."

मालक. हा शब्द मी घरात लहानपणापासून ऐकतोय. पाहुणे आले की बाबा सहज म्हणायचे, महाबळेश्वरला आपला आठवडा आहे. एवढ्या वर्षांत आम्ही गेलो चार वेळा. कारण आमचा हंगाम 'निळा', म्हणजे भर पावसाचा. थोडक्यात आम्ही मालक होतो ते महाबळेश्वरच्या जुलै महिन्याचे. ज्यांनी तिथला जुलै पाहिलाय त्यांना जास्त सांगायला नको. (आईचं मत: चार दिवस ओले टॉवेल वाळवायचे तर ते घरीही वाळवता येतात.) देखभाल शुल्काचं बिल मात्र न चुकता दरवर्षी येत राहिलं.

फाईलच्या मागच्या खणात आणखी एक कागद घडी घालून ठेवलेला सापडला. आजोबांनी १९५१ साली संगमनेरजवळ दीड एकर जमीन घेतली, तिचं खरेदीखत. चतुःसीमा, झाडं, बांध असं सगळं लिहून झाल्यावर शेवटी एक ओळ होती: सामाईक विहिरीच्या पाण्याची आठ दिवसांच्या पाळीपैकी दोन दिवसांची पाळी खरेदी देणाराने खरेदी घेणारास दिली आहे.

मी ती ओळ दोनदा वाचली. एका फाईलमध्ये दोन कागद, आणि दोन्हींत विकलेली गोष्ट एकच: वेळेचा तुकडा. एकात आठ दिवसांतले दोन, दुसऱ्यात वर्षातले सात. मग 'मालक' हा शब्द यातल्या कुठल्या कागदाला शोभतो? अख्खा वीकांत यात गेला. जे हाती लागलं ते इथे मांडतोय. तुमच्यापैकी कुणी मॉलमध्ये लकी ड्रॉचं कूपन भरून बसला असाल आणि 'सपत्नीक या, भेटवस्तू घेऊन जा' असा फोन आला असेल, तर जरा जास्त लक्ष देऊन वाचा.

आधी पाणी

'टाइमशेअर' हा शब्द परदेशी असला तरी वेळ वाटून घेणं आपल्याला नवीन नाही. चार भावांत जमीन वाटता येते, मधे बांध घालता येतो. विहिरीत बांध कसा घालणार? मग विहीर तशीच राहते आणि दिवस वाटले जातात. थोरल्याचे दोन दिवस, मग मधल्याचे दोन. धुळे-नाशिककडे पांझरा, मोसम वगैरे नद्यांवर काही शतकं चालत आलेली फड पद्धत आहे. तिच्यात तर बंधाऱ्याचं पाणी कुणाच्या शेतात कधी जाणार याची पाळी ठरलेली असते आणि ती राबवायला पाटकरी असतो. देवळांतही हेच. गुरवांच्या किंवा पुजाऱ्यांच्या घरांत पूजेची पाळी असते. मूर्तीचे तुकडे करता येत नाहीत, म्हणून काळाचे करायचे. हिंदू कायद्यात घरच्या देवाची वाटणीही अशीच, पाळीने.

इंग्रजांच्या कोर्टांपुढे हे वाद आले तेव्हा त्यांनाही याला कायद्यात जागा द्यावी लागली. १९०८ च्या मुदत कायद्यात 'ठरावीक काळाने पुन्हा पुन्हा येणारा हक्क' असा दाव्याचा वेगळा प्रकारच होता. पूजेच्या पाळीचे दावे त्यात बसत. म्हणजे तुमची पाळी आत्ता चालू नसली, दुसऱ्याचा आठवडा असला, तरी हक्क जिवंत असतो आणि त्यासाठी कोर्टात जाता येतं, हे शंभर वर्षांपूर्वीच मान्य झालेलं होतं.

आता आजोबांच्या ओळीकडे या. ती नुसती ओळ नव्हती. खरेदीखत दुय्यम निबंधकाकडे नोंदवलेलं होतं. त्यावरून गावच्या दप्तरात फेरफार झाला, आणि सातबाऱ्याच्या 'इतर हक्क' या रकान्यात विहिरीचा हिस्सा चढला. शेजारच्याने त्याची जमीन उद्या कुणालाही विकली तरी नव्या माणसाला आमचे दोन दिवस मोडता येत नाहीत. कारण आमचा हक्क शेजाऱ्याच्या शब्दावर उभा नाही. तो एका तिसऱ्याच वहीत लिहिलेला आहे, जी शेजाऱ्याची नाही आणि आमचीही नाही.

मी पोटासाठी डेटाबेसचं काम करतो, त्यामुळे मला हे असं दिसतं: मालकी म्हणजे शेवटी कुठल्यातरी नोंदवहीतली एक ओळ. ओळ काय म्हणते हे महत्त्वाचं आहेच. पण त्याआधी विचारायचा प्रश्न असा की वही कुणाची आहे आणि खोडरबर कुणाच्या हातात आहे. पुढचा सगळा इतिहास या एका प्रश्नाभोवती फिरतो.

जमीन, मग मजला, मग आठवडा

जुन्या कायद्याला मालकी समजायची ती जमिनीची. जमीन ज्याची, तिच्यावरचं सगळं त्याचं. पण शहरं उंच वाढली आणि प्रश्न पडला की तिसऱ्या मजल्यावरच्या हवेतल्या तुकड्याचा मालक कसं व्हायचं?

मुंबईने हा प्रश्न चांगलाच भोगलाय. स्वातंत्र्यानंतर 'ओनरशिप फ्लॅट' विकले जाऊ लागले. पैसे घेतले, चाव्या दिल्या, जमीन मात्र बिल्डरच्याच नावावर. म्हणून १९६३ साली महाराष्ट्राने ओनरशिप फ्लॅट्सचा कायदा केला, ज्याला सगळे 'मोफा' म्हणतात. करार लेखी हवा, नोंदवलेला हवा, आणि इमारत-जमीन सोसायटीच्या नावे करून द्यायला हवी. तरीही हजारो सोसायट्यांना ते अभिहस्तांतरण मिळालं नाही, म्हणून २००८ साली कायदा बदलून 'मानीव अभिहस्तांतरण' आणावं लागलं. चाळीस वर्षं घरात राहूनही कागदावर जमीन दुसऱ्याचीच, हा अनुभव असलेली माणसं तुमच्या-माझ्या नात्यात नक्की सापडतील.

अमेरिकेत याच सुमारास हवेचे तुकडे विकायची व्यवस्था बसत होती. प्वेर्तो रिकोने १९५८ साली त्यासाठी कायदा केला. १९६१ च्या संघीय गृहनिर्माण कायद्याने अशा सदनिकांच्या कर्जांना सरकारी विम्याचं पाठबळ दिलं, आणि कॉन्डोमिनियम हा प्रकार देशभर पसरला. आपला १९७० चा महाराष्ट्र अपार्टमेंट ओनरशिप कायदा त्याच वळणाचा.

एकदा जागेचा तुकडा हवेत विकता आला की पुढची पायरी फार लांब नव्हती. तोच तुकडा वेळेत कापायचा.

पहिली कापाकापी झाली युरोपात. १९६३ साली स्वित्झर्लंडमध्ये हापिमाग नावाची कंपनी निघाली. तिथे तुम्ही खोली घेत नव्हता, कंपनीचा शेअर घेत होता, आणि शेअरधारक म्हणून तिच्या घरांमध्ये सुट्टीला जाण्याचा हक्क मिळवत होता. १९६७ च्या सुमारास फ्रेंच आल्प्समध्ये सुपरदेवोल्युई इथे बर्फावर घसरायला येणाऱ्यांना सांगितलं गेलं की दरवर्षी खोलीचं भाडं काय भरता, हॉटेलच विकत घ्या, स्वस्त पडेल. ही जाहिरातीची कल्पना आजतागायत चालू आहे. मॉलमधला तो टाय लावलेला मुलगा कॅल्क्युलेटर काढून तुम्हाला जे समजावतो, ते हेच.

फ्लोरिडातले आठवडे

मग आला १९७३ चा तेलाचा भडका. फ्लोरिडाच्या किनाऱ्यावर कॉन्डो बांधून ठेवलेल्या बिल्डरांना गिऱ्हाईक मिळेना. अख्खा फ्लॅट जात नाही ना, मग एका फ्लॅटचे पन्नास-एक्कावन्न आठवडे करून पन्नास-एक्कावन्न गिऱ्हाइकांना विकू. उरलेला एखाद-दुसरा आठवडा रंगरंगोटीला. विकायच्या दोन तऱ्हा निघाल्या, आणि सगळी मेख या दोन तऱ्हांत आहे.

पहिली तऱ्हा, दस्ताची. सॅनिबेल बेटावर १९७० च्या दशकाच्या मध्यात विकले गेलेले आठवडे या प्रकारचे. तुम्हाला चक्क खरेदीखत मिळतं. त्यावर सदनिकेचा क्रमांक असतो, आठवड्याचा क्रमांक असतो, आणि ते काउंटीच्या सरकारी दप्तरात अमुक पुस्तकाच्या तमुक पानावर नोंदवलेलं असतं. आत कायद्याची रचना साधारण दोन प्रकारची. एकतर सगळे मिळून फ्लॅटचे अविभक्त हिस्सेदार व्हायचे, प्रत्येकाने आपल्या आठवड्यातच वापरायचं आणि वाटणीचा दावा लावायचा नाही असं लिहून द्यायचं. किंवा प्रत्येकाला काही वर्षं फक्त त्याच्या आठवड्याची मालकी द्यायची आणि मुदत संपली की सगळे सहमालक. दोन्हींत हा हक्क विकता येतो, बक्षीस देता येतो, मृत्युपत्रात लिहिता येतो. आजोबांच्या विहिरीची पाळी आणि हे, तत्त्व एकच.

दुसरी तऱ्हा, परवान्याची. इमारत कंपनीची, जमीन कंपनीची, तुम्हाला फक्त वीस-पंचवीस वर्षं दरवर्षी येऊन राहायची परवानगी. सरकारी दप्तरात तुमचं नाव नाही. ते आहे कंपनीच्या रजिस्टरमध्ये.

विकणाऱ्याच्या तोंडी मात्र दोन्हींना शब्द एकच होता: ओनर.

१९७४ साली इंडियानापोलिसमध्ये डीहान दांपत्याने आरसीआय सुरू केली. तुमचा फ्लोरिडाचा आठवडा जमा करा, दुसऱ्याचा डोंगरातला घ्या. सोय उत्तमच. पण आठवडा अदलाबदलीचं चलन झाला आणि त्याचं ठरावीक खोलीशी नातं सुटू लागलं. आधी ठरलेली खोली, ठरलेला आठवडा. मग ठरलेला हंगाम, आठवडा कोणताही. मग नुसते पॉइंट्स. आमच्या भाषेत सांगायचं तर दर पायरीला एक पॉइंटर वाढला. आणि पॉइंटर वाढले की मधला कुणीतरी बदलला तरी तुम्हाला कळत नाही.

आता लगेच 'दस्त चांगला, परवाना वाईट' असा निष्कर्ष काढू नका. मीही आधी तोच काढला होता. अमेरिकेतल्या दस्तवाल्यांचं दुःख वेगळंच आहे. दस्त कायमचा, म्हणजे देखभाल शुल्कही कायमचं. इमारत जुनी होते, शुल्क चढत जातं, आणि थकवलं तर थेट जप्तीची कारवाई. म्हातारपणी हे आठवडे एक डॉलरला विकायला काढलेली माणसं आहेत, आणि ते एका डॉलरलाही खपत नाहीत. सरकारी वहीतली ओळ तुमचं रक्षण करते तशी तुमच्या मागेही लागते. शिवाय दस्त म्हणजे अनंतकाळ असंही नाही. डिस्नेची सुट्ट्यांची योजना १९९१ साली सुरू झाली. तिच्या पहिल्या रिसॉर्टचे दस्त सरकारी दप्तरात नोंदवलेले आहेत, पण मूळ दस्तांवर शेवटची तारीख छापलेली आहे: ३१ जानेवारी २०४२. त्या दिवशी मालकी आपोआप संपते. कागदाचं नाव वाचून भागत नाही, मुदतीचं कलमही वाचावं लागतं.

फ्लोरिडाने १९८१ साली टाइमशेअरसाठी स्वतंत्र कायदा केला. आजच्या त्याच्या तरतुदीनुसार सही केल्यावर (किंवा शेवटचा कागद हाती पडल्यावर, जे नंतर होईल ते) दहा दिवसांत करार मोडता येतो. या दहा दिवसांमागे साधं निरीक्षण आहे: फुकट जेवण, तीन तासांचं प्रेझेंटेशन आणि 'ऑफर फक्त आजच' यांच्या दबावाखाली माणूस कागद वाचत नाही. घरी येऊन वाचतो.

शब्दावरच बंदी

मला सगळ्यात आवडलेला भाग हा. युरोपातल्या दोन देशांनी गडबड नेमकी कुठे आहे ते ओळखलं. गडबड शब्दात होती.

फ्रान्समध्ये अशा योजना बहुधा कंपनीच्या शेअरवर चालत. १९८६ च्या फ्रेंच कायद्याने सांगितलं की या शेअरधारकांना जाहिरातीत किंवा कागदपत्रांत 'मालक' म्हणायचं नाही. स्पेनमध्ये लोक या प्रकाराला 'मुल्तिप्रोपिएदाद', म्हणजे बहुमालकी, म्हणत. १९९८ च्या कायद्याने तो शब्द तर बाद केलाच, वर असंही म्हटलं की या हक्काच्या नावात 'मालकी' हा शब्द कुठल्याही रूपात येता कामा नये. मग म्हणायचं काय? कायद्याने नाव दिलं, त्याचा सरळ मराठी अर्थ होतो 'पाळीने उपभोग'. हे वाचून मी खुर्चीतच हसलो. संगमनेरच्या खरेदीखत लिहिणाऱ्या लेखनिकाला हा शब्द १९५१ सालीच माहीत होता. :)

स्पेनच्या कायद्याने हक्काला किमान तीन आणि कमाल पन्नास वर्षांची मर्यादाही घातली. काही कंपन्या तरीही 'कायमस्वरूपी' आठवडे विकत राहिल्या. २०१५ साली स्पेनच्या सर्वोच्च न्यायालयाने कायद्यानंतरचा असा बेमुदत करार रद्दबातल ठरवला, आणि मग तशा दाव्यांची रीघ लागली. युरोपीय संघाने १९९४ साली खरेदीदाराला किमान दहा दिवसांचा फेरविचार दिला होता, २००८ च्या निर्देशाने तो चौदा दिवसांचा केला.

आणि आपल्याकडे

भारतात हा प्रकार १९८० च्या दशकात आला. चेन्नईची स्टर्लिंग १९८६ ची. महिंद्रा हॉलिडेज १९९६ ची, म्हणजे बाबांच्या फाईलच्याच वर्षाची (बाबांची कंपनी वेगळी, नाव सांगत नाही). उदारीकरणानंतर हातात थोडे पैसे आलेला मध्यमवर्ग, एलटीसी, मुलांच्या सुट्ट्या. बाजार तयारच होता.

आपल्याकडे टाइमशेअरसाठी वेगळा कायदा आजही नाही. म्हणून जुन्या कायद्यांच्या चाळणीतून बघावं लागतं. १९०८ च्या नोंदणी कायद्याप्रमाणे शंभर रुपये आणि त्यावरच्या स्थावर मालमत्तेतला हक्क देणारा दस्त नोंदवावाच लागतो. नोंदवलेला नसेल तर त्याने स्थावर मालमत्तेत हक्क जात नाही. मग उरतो तो परवाना. त्याची व्याख्या १८८२ च्या सुविधाधिकार कायद्याच्या कलम ५२ मध्ये आहे: दुसऱ्याच्या जागेत असं काही करायची मुभा, जे मुभा नसती तर बेकायदा ठरलं असतं. जागेत मात्र कसलाही हितसंबंध नाही.

ओळखीचं वाटतंय? वाटायलाच हवं. पुण्या-मुंबईत भाड्याने राहणाऱ्या आपल्यातल्या प्रत्येकाने 'लीव्ह अँड लायसन्स'वर सही केलेली आहे. तोच हा लायसन्स. गंमत बघा, महाराष्ट्रात १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्यामुळे तुमचा अकरा महिन्यांचा करारही नोंदवावा लागतो. बाबांचा साठ हजारांचा, अनेक वर्षांचा करार वीस रुपयांच्या मुद्रांकावर होता आणि नोंदवलेला नव्हता.

त्याच कायद्याचं कलम ५९ वाचलं तेव्हा मात्र हसू थांबलं. परवाना देणाऱ्याने जागा दुसऱ्याला विकली, तर नवा मालक केवळ नवा मालक म्हणून त्या परवान्याने बांधला जात नाही. विहिरीच्या बरोब्बर उलट. शेजाऱ्याने शेत विकलं तरी आजोबांची पाळी राहते. कंपनीने हॉटेल विकलं तर बाबांचा आठवडा, आधीच्या-नंतरच्या मालकांत काही ठरलं नसेल तर, फक्त जुन्या कंपनीविरुद्धची तक्रार बनून उरतो.

कंपन्यांचे हिशेबही हेच सांगतात. महिंद्रा हॉलिडेजच्या आयकर प्रकरणात चेन्नईच्या न्यायाधिकरणाच्या विशेष पीठापुढे २०१० साली प्रश्न होता की सभासदाने भरलेली रक्कम त्याच वर्षीचं उत्पन्न धरायची का. पीठाने म्हटलं की नाही, कारण पुढची सगळी वर्षं सेवा देण्याची जबाबदारी कंपनीवर शिल्लक आहे. कंपनीच्या बाजूने हा निकाल अगदी रास्त आहे. पण आपल्या बाजूने उलटा वाचून बघा. घर विकलं असतं तर व्यवहार त्याच दिवशी संपला असता. इथे संपत नाही, कारण काही विकलेलंच नाही. आगाऊ पैसे घेऊन सेवा द्यायचं कबूल केलंय. त्यामुळेच आपल्याकडे हे वाद ग्राहक मंचात जातात, 'सेवेतील त्रुटी' म्हणून.

आणि या धूसर जागेत दुसरंच काही उगवलं तर काय होतं, ते महाराष्ट्राने पाहिलंय. मुंबईची पॅनकार्ड क्लब्स हॉटेलच्या 'रूम नाइट्स' विकत होती. खोली वापरली नाही तर मुदतीनंतर वाढीव रक्कम परत. ऐकायला टाइमशेअर, वागायला मुदत ठेव. सेबीने २०१४ साली नवे पैसे गोळा करायला मनाई केली. २०१६ साली ही बेकायदा सामूहिक गुंतवणूक योजना ठरवून सुमारे ५१ लाख लोकांचे सुमारे ७,०३५ कोटी रुपये परत करायला सांगितलं. आदेश निघाला, मालमत्ता जप्त झाल्या, लिलाव निघाले, पण पैशांसाठी लोक वर्षानुवर्षं ताटकळले. पैसे भरणाऱ्यांपैकी कितीजणांना तिथे जाऊन राहायचंच नव्हतं! त्यांच्या हातातल्या कागदावर हॉटेल होतं, पण हॉटेलच्या कागदावर त्यांचं नाव नव्हतं.

फाईल उघडली

रविवारी सकाळी चहा घेऊन बाबांच्या शेजारी बसलो आणि मरून फाईल शेवटच्या पानापासून वाचायला घेतली. (मार्केटिंग पहिल्या पानावर असतं, करार शेवटच्या. हा नियम सॉफ्टवेअरच्या लायसन्सलाही लागू आहे.)

पहिला प्रश्न: नोंद कुठे आहे? दुय्यम निबंधकाचा शिक्का नाही, दस्त क्रमांक नाही, सूची क्रमांक दोन नाही. नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर शोधून पाहिलं, बाबांच्या नावाने काही नाही. दुसरा: नेमकं काय दिलंय? खोली क्रमांक नाही. 'उपलब्धतेनुसार' निळ्या हंगामातला एक आठवडा. तिसरा: किती काळ? तेहतीस वर्षं. म्हणजे २०२९. बाबांना वाटत होतं कायमचं. चौथा: दरवर्षी किती भरायचं आणि ते कोण ठरवणार? कंपनी, 'वेळोवेळी'. वरची मर्यादा कुठेही नाही. पाचवा: वारसाला, खरेदीदाराला देता येतं का? कंपनीच्या लेखी संमतीने, हस्तांतरण शुल्क भरून, मागची थकबाकी चुकती करून. सहावा: कंपनीने मालमत्ता विकली तर? यावर करार गप्प. सातवा: करार मोडता येतो का? येत होता, पंधरा दिवसांत. १९९६ साली.

अठ्ठावीस पानांत 'मालक' हा शब्द दोनदा आला. दोन्ही वेळा कंपनीसाठी. बाबांसाठी शब्द होता 'सभासद'. फसवणूक म्हणावी तर कागदाने खोटं काहीच सांगितलेलं नव्हतं. 'मालक' म्हणाला तो प्रेझेंटेशन देणारा माणूस, आणि त्याचं बोलणं फाईलमध्ये लावलेलं नसतं.

बाबा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "म्हणजे तेहतीस वर्षांचं भाडं आगाऊ भरलं म्हण की."

"तसंच."

"मग तसं सांगायचं ना. मी कदाचित तरीही घेतलं असतं."

हे मला पटलं. सुट्टीची आगाऊ वर्गणी म्हणून हा सौदा काहींना परवडतोही. दरवर्षी जाणारा, चार महिने आधी बुकिंग करणारा, वाढतं शुल्क हिशेबात धरणारा माणूस वाईट गिऱ्हाईक नाही. फक्त त्याने ते आपल्या मालमत्तेच्या यादीत लिहू नये आणि मुलाला वारसा म्हणून देऊ नये. मी माझं नाव लावून घेणार नाहीये. कंपनीला सभासदत्व सोडण्याचं पत्र लिहून ठेवलंय. थकबाकी किती मागतात ते बघू.

दुपारी गंमत म्हणून गावच्या जमिनीचा सातबारा ऑनलाइन काढला. बाबांचं आणि काकांचं नाव, आणि 'इतर हक्क'मध्ये विहिरीतला हिस्सा, जसाच्या तसा. चुलतभावाला फोन करून सांगितलं की अरे, आपले आठातले दोन दिवस अजून शाबूत आहेत. तो हसला. म्हणाला, दिवस आहेत रे, पण मार्चनंतर विहिरीत पाणी कुठंय.

तर असं आहे. नोंदवहीतली ओळ पाणी देत नाही. तळात पाणी असेल तर ते तुमचं आहे, एवढंच ती सांगते. पण निदान ती ओळ कुणाच्या मर्जीवर नाही. पुढच्या वेळी कुणी तुम्हाला मालक म्हणालं की छान वाटून घ्या, चहा प्या, भेटवस्तू घ्या. आणि सही करण्याआधी एवढंच विचारा: माझं नाव कुणाच्या वहीत लागणार?

असो. कपाटाचा खालचा कप्पा अजून बाकी आहे.